लाखोळीनं नाई झालं

आमच्याकडे माणसाचे पाय अडखळायला लागले की लोक आधी त्याच्या ताटाकडे बघायचे. डॉक्टरचा विचार नंतर. तेव्हा नागभीडच्या आसपास असं गाव सापडायचं नाही, जिथे काठीवर रेलून, टाचा न टेकवता, गुडघ्याला गुडघा घासत चालणारा एखादा माणूस नाही. लाखोळीनं गेलेले पाय ते. लाखोळी हे कडधान्य धान कापायच्या आधी ओल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, नुसतं फेकून देतात. आमच्या तोंडात लाखोरी. नांगर नको, पाणी नको, तरी उगवते. थोडीथोडकी खाल्ली तर काही होत नाही. पण ज्याच्या घरी उन्हाळाभर भाकर तिचीच आणि वरणही तिचंच, त्याचे पाय जायचे. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

आमच्या यांचं दुखणं मात्र वेगळं होतं आणि ते ओळखायला आम्हाला फार वेळ लागला. त्या वेळात आमच्या घराचं जे व्हायचं ते होऊन गेलं.

आज हे लिहायला बसले ती आमच्या गल्लीतल्या एका सुनेमुळे. तिच्या सासऱ्यांची जीभ जड झाली आहे, हातातून पेला सुटतो. नागपूरच्या डॉक्टरांनी तिला दुखण्याचं लांबलचक नाव सांगितलं आणि ती माझ्याकडे आली. "काकू, तुमच्या घरी झालं होतं ना हे?" मी तिला दोन-चार गोष्टी सांगितल्या, पण तोंडानं सगळं निघेना. म्हटलं, लिहून देते. मी चौथी शिकले आहे, अक्षर बरं आहे, शुद्धलेखनाचं ज्याचं त्यानं बघावं.

रोवणी

चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. आमची बांधी गावाच्या उतरत्या बाजूला होती. रोवणीचे दिवस. आम्ही बायका वाकून रोवत होतो आणि हे भाताच्या रोपांच्या जुड्या आमच्या पाठीमागे फेकत होते. एकदम बघते तो हे जागच्या जागी झुलताहेत. डावा पाय चिखलातून निघेना.

"नाचून राह्यले काय तुमी?" मी ओरडले.

सगळ्या बायका हसल्या. हेही हसले. हातानं मांडी धरून पाय वर ओढला आणि पुन्हा जुड्या फेकायला लागले. त्या दिवशी मला काहीच वाटलं नाही.

मग चप्पल पायातून निसटायला लागली. उंबऱ्याला अंगठा ठेचायचा. पायाला चटका बसलेला कळायचा, मुंगी चावलेली कळायची, फक्त सांगितलेलं तो पाय ऐकत नव्हता. आमच्या गावात लाखोळीनं पाय गेलेला एक फागू होता. तो पारावर बसलेला असायचा. हे त्याच्यासमोरून गेले की तो यांच्या पायांकडे बघायचा आणि मान खाली घालायचा. गावाचं एकमत व्हायला वेळ लागला नाही. नथ्थूलाही, म्हणजे यांनाही, लाखोळी लागली.

आता लाखोळी आमच्या घरात आली कुठून, ते सांगायला हवं. त्याआधीच्या उन्हाळ्यात आमच्या कोठीतलं धान संपलं होतं. तेव्हा यांच्या थोरल्या भावानं, माझ्या भासऱ्यांनी, स्वतः खांद्यावर घालून लाखोळीचं पोतं आमच्या पडवीत आणून टाकलं. कोणी मागितलं नव्हतं. सासरे लवकर वारले, तेव्हापासून भासऱ्यांनीच यांना वाढवलेलं. त्यांना हे लेकराच्या जागी होते. दोन घरं, पण अंगण एक आणि विहीर एक.

दिवाळीच्या आसपास हे काठी टेकत त्यांच्या पडवीत गेले. मी आमच्या दारातून ऐकत होते.

"दादा, तुह्या लाखोरीनं माहे पाय खाल्ले."

भासरे दावं वळत होते. हात थांबले. "मीनंही तेच खाल्लं ना गा, नथ्थू."

"तुह्या घरी गहू होता. मले मालूम हाय."

माझी जाऊ, गिरजाबाई, आतून तरातरा आली. "पोटाले दिलं तेई वाईट काय? उपाशी ठेवाचं होतं का तुमाले?"

 भासऱ्यांनी हातातलं दावं खाली ठेवलं आणि ते आत गेले. त्या दिवसापासून ते आमच्या पडवीत आले नाहीत. विहिरीवर यांचा आवाज आला की ते बादली तशीच ठेवून घरात जायचे.

मी काय करत होते? मी दारामागे उभी होते. भासऱ्यांशी बोलायचं नसतं. आजच्या मुलींना हसू येईल, पण आमच्यात नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर बाई उभी राहत नसे. ते अंगणात येताना खाकरायचे आणि मी आत पळायची. लग्न होऊन आले तेव्हापासून आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. अगदीच निरोप द्यायचा झाला तर मी भिंतीला सांगायची, "दूध उतरंडीवर हाय म्हनावं," आणि त्यांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं करून घ्यायचं. एरवी त्यांच्या-माझ्यामधला सगळा व्यवहार यांच्या तोंडून चालायचा.

वाट बघणं

लाखोळीच्या दुखण्यात एक आशा असते. खाणं सोडलं की ते आहे तिथेच थांबतं. गेलेला पाय परत येत नाही, पण पुढे काही जात नाही. मी घरातला दाणा न् दाणा वेचून बाहेर टाकला. जात्याचं पाळं उचलून खाली झाडलं. मडकी धुतली. आणि मग आम्ही ते थांबायची वाट बघत बसलो.

रोज सकाळी हे बाजेवरून उठायचे, दोन पावलं टाकायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी म्हणायची, "कालच्यासारखंच हाय." ते खोटं असायचं.

उजवा पायही ओढायला लागला. महाशिवरात्रीला मार्कंड्याला नेलं. वैनगंगेच्या वाळूत माझ्या भावानं, शंकरनं, यांना पाठीवर घेतलं. देवासमोर मी म्हटलं, मला काही जास्त नको, हे आहे तिथे थांबव. त्याच महिन्यात यांच्या हाताला कासरा धरवेनासा झाला. अंगठा आणि बोटाच्या मधली गादी बसून तिथे खळगा पडला होता. दंड उघडा असला की कातडीखाली काहीतरी वळवळताना दिसायचं. दुखायचं नाही म्हणे. मी हात ठेवला की माझ्या तळव्याखाली ते उड्या मारायचं. माझ्या अंगावर काटा यायचा, पण मी हात काढायची नाही.

मग जीभ. आमचे बैल यांच्या टाळूच्या आवाजावर चालायचे. दोन वेळा च्च च्च केलं की वळायचे, एकदा केलं की थांबायचे. एके दिवशी यांनी च्च केलं आणि बैलांनी मागे वळून बघितलं. पुन्हा केलं. बैल उभेच. यांनी रागानं काठी फेकली, ती बैलापर्यंतही गेली नाही. नंतर बाजेवर बसून रडत होते. मी जवळ बसले. हे म्हणाले, "जनावरालेई समजून नाई राह्यलं." शब्द एकमेकांत लडबडलेले होते, पण मला कळलं.

त्याहून वाईट एक होतं. यांना कुठेही हसू फुटायचं. खरं हसू नव्हे. आतून उबळ यायची, तोंड वेडंवाकडं व्हायचं आणि मोठ्यानं हसणं निघायचं, डोळ्यांत मात्र पाणी. शेजारच्या म्हातारीची माती निघाली तेव्हा हे अंगणात बसून असे हसले. तिच्या पोरांनी तिरडी खांद्यावर असताना मान वळवून बघितलं. मी यांच्या तोंडावर पदर दाबला. लोक म्हणाले, नथ्थूचं डोकं गेलं. डोकं गेलं नव्हतं. सगळं कळत होतं, म्हणून तर हाल होते.

पारावर फागू होता तसाच होता. किती वर्षांपासून तीच काठी, तीच चाल. ना कमी, ना जास्त. पाण्याला जाताना मी त्याच्याकडे बघायची. एका लंगड्या माणसाचा मी हेवा करायला लागले होते.

नागपूर

यांना नागपूरला न्यायचं शंकरनं ठरवलं. नागभीडहून छोट्या रुळांची आगगाडी. तिच्यात यांना खिडकीशी बसवलं आणि डोकं पडू नये म्हणून मी खांदा दिला.

मोठ्या सरकारी दवाखान्यातले दिवस सगळे सारखेच. पहाटे फरशीवर फिनाइलचं पाणी, मग चहा, मग बायकांना बाहेर काढायचे. मी व्हरांड्यात बसून राहायची. शंकर आत. दुपारी मी धर्मशाळेतून मऊ भात आणायची आणि यांना भरवायची. भाताचं शीत घशात अडकलं की हे काळेनिळे व्हायचे. शेजारच्या खाटेवर उमरेडकडचा एक म्हातारा होता, पोटाच्या दुखण्याचा. त्यानं मला पहिल्यांदा सांगितलं, "बाई, मान मागे नको टाकू त्याची. हनुवटी छातीला लाव, मग गिळू दे." त्याच्या भावाला असंच व्हायचं म्हणे. त्या एका सांगण्यावर आम्ही पुढचे कितीतरी घास निभावले. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

मोठे डॉक्टर वयस्क होते. त्यांनी आधी पायांकडे बघितलंच नाही. यांना तोंड उघडायला लावलं. जीभ आत पडलेली होती आणि जागच्या जागी थरथरत होती, पिशवीत किडे भरल्यासारखी. डॉक्टरांनी शिकाऊ पोरांना जवळ बोलावलं. एकेकानं वाकून बघितलं. मला त्यांचा राग आला. माझ्या माणसाचं तोंड म्हणजे काय तमाशा आहे? पण डॉक्टरांनी नंतर मला आत बोलावलं आणि स्टुलावर बसवलं, ते मी विसरले नाही.

"बाई, हे लाखोळीचं दुखणं नाही."

मी म्हटलं, "आमच्या गावात सगळे म्हनतात."

"लाखोळी पाय धरते. जिभेपर्यंत येत नाही. अशी जीभ, असे हात लाखोळीनं होत नाहीत. मेंदूकडून हुकूम घेऊन जाणाऱ्या नसा असतात ना, त्या वाळत चालल्या आहेत. कशानं, ते आम्हालाही कळलेलं नाही. कोणी दिलेल्या, कोणी खाल्लेल्या कशानंही नाही. घरात कोणाची चूक शोधू नका."

"मग औषध?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "असतं तर दिलं असतं."

"थांबन का?"

ते नाही म्हणाले. आडवळणानं नाही, सरळ म्हणाले. मला तेव्हा ते फार दुष्ट वाटले. नंतर वाटलं, बरं झालं सरळ बोलले. मी त्यांना म्हटलं, "लाखोरीचं असतं त बरं झालं असतं."

हे खाटेवरून ऐकत होते. मला वाटलं रडतील, नाहीतर ती हसण्याची उबळ येईल. काहीच झालं नाही. तोंडातून आवाज काढायला लागले. डॉक्टर वाकले, शंकर वाकला, कोणाला समजेना. मला समजलं.

"दादाले सांगाचं हाय," हे म्हणत होते. "लाखोरीनं नाई झालं."

उघड्या बांध्या

परत आलो तेव्हा हिवाळा होता. नागभीडहून गावापर्यंत शंकरच्या बैलगाडीत, खाली तणसाचं, म्हणजे धानाच्या पेंढ्याचं, अंथरूण. दोन्हीकडे कापलेल्या धानाच्या बांध्यांत लाखोळी फुलली होती. फूल निळं असतं, फार सुंदर असतं. कोसभर नुसतं निळं. गावाजवळ आलो आणि मधेच मोठा उघडा तुकडा लागला. नुसती धानाची धसकटं आणि भेगाळलेली माती.

त्या भासऱ्यांच्या बांध्या होत्या.

मी शंकरला विचारलं. तो म्हणाला, "दोन वर्सं झाले, लाखोरी फेकत नाई ते. कोनी इचारलं त नुसते पाह्यतात."

दोन वर्षं मी त्यांना शिव्या घालत होते, मनातल्या मनात. आणि त्यांनी दोन वर्षं ते शेत तसंच उघडं पडू दिलं होतं. यांनी गाडीत मान उचलायचा प्रयत्न केला. मी डोकं धरून वर केलं. यांनी बघितलं आणि तोंड उघडून घोगरा आवाज काढत राहिले, गाव येईपर्यंत.

दुसऱ्याच दिवशी शंकरनं यांना उचलून भासऱ्यांच्या पडवीत नेलं. मी आमच्या दारात, पदर ओढून. भासरे बाहेर आले. उभेच राहिले. यांनी बोलायला सुरुवात केली. माझ्या कानाला प्रत्येक शब्द कळत होता. दादा, माहं चुकलं. डागदर म्हनते लाखोरीनं नाई झालं. पण भासऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. आणि नेमकी तेव्हाच उबळ आली. हे हसायला लागले. तोंड फाकवून, लाळ गाळत, थोरल्या भावाच्या तोंडावर हसत राहिले.

शंकर घाबरून म्हणाला, "तसं नोहे, भाऊ, ते बिमारीचं हाय—"

भासरे दाराकडे वळले. "मले हासाले आनलं काय त्याले? त्याच्या तोंडानं बोलला होता, त्याच्या तोंडानं काय बोलाचं ते बोलू दे. दुसऱ्यानं सांगू नोको."

दार लागलं. मी एवढ्या जवळ होते की अंगण ओलांडून दहा पावलांत सांगून आले असते. पाय उचलला नाही. माझे पाय तर धड होते.

संध्याकाळी विहिरीवर मी गिरजाबाईंना सांगायला गेले. ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाल्या, "आता उचलाले मानूस पायजे, म्हनून डागदराचं नाव घेऊन राह्यली का व?" त्यांचंही काय चुकलं? आम्हाला खरंच माणूस पाहिजे होता. शंकर त्याच्या घरी गेला होता आणि यांना कूस बदलून द्यायला माझी कंबर पुरत नव्हती.

बाजेभोवती

पुढचं त्या सुनेसाठी लिहिते, जिनं विचारलं.

पातळ पाण्यानं ठसका लागतो, घट्ट पेज जाते. घास लहान, हनुवटी खाली, आणि घास पोटात जाईपर्यंत बोलायला लावू नये. आडवं झोपवलं की श्वास कोंडतो. मी तणसानं पोतं भरून पाठीशी लावायची, बसल्यासारखं झोपवायची. हात लटकू देऊ नये, खांदा निखळल्यासारखा दुखतो. माशी बसली तर तिला उडवता येत नाही, हे धडधाकट माणसाच्या लक्षात येत नाही, म्हणून तोंडाकडे बघत राहावं. सगळं लुळं पडलं तरी यांच्या उजव्या पायाचा अंगठा बरेच महिने हलत होता. त्याला मी बैलाच्या गळ्यातली लहान घंटी सुतळीनं बांधली होती. ती वाजली की मी हातातलं टाकून यायची.

बोलणं बंद पडायच्या आधी खुणा ठरवून घ्याव्या. आम्ही ठरवल्या. डोळे वर म्हणजे हो. डोळे मिटले म्हणजे नाही. मी एकेक विचारत जायची. पानी? पाठ? पाय? कधी कधी सगळं विचारून व्हायचं आणि डोळे मिटलेलेच. मग मी विचारायची, "दादा?" डोळे वर.

रोज. कधी पेज भरवताना, कधी अंग पुसताना. दादा? डोळे वर.

मी देवमाणूस नाही. कंटाळायची. "मी काय करू त्याले? मी काय जाऊन उभी राहू त्याइच्यासमोर?" असं ओरडून मी एकदा वाटी आपटली. हे माझ्याकडे बघत राहिले. मग डोळे वर केले.

मला कळलं त्यांना काय म्हणायचं होतं. मी कळलं नाही असं दाखवलं आणि वाटी उचलून मोरीत गेले.

पडवी

पुन्हा धान पोटरीला आलं, पुन्हा लोंब्या पिवळ्या झाल्या. लाखोळी फेकायचे दिवस. सकाळी माणसं टोपल्या घेऊन बांधीकडे निघाली. भासरे अंगणातून गेले ते हात हलवत. तिसऱ्या वर्षीही रिकामे.

यांची बाज पडवीत होती. यांनी ते बघितलं. घंटी वाजली.

मी विचारलंच नाही. "हो, समजलं," म्हटलं.

भासरे दुपारी परत आले. खाकरले. मी आत पळाले नाही. पदर कपाळापर्यंत ओढला आणि आमच्या पडवीच्या कडेला येऊन उभी राहिले. भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "इकडं या म्हनावं. याइले काई बोलाचं हाय."

ते थबकले. मला बघून तोंड फिरवलं आणि चालायला लागले. समोरच्या पडवीत गिरजाबाई होत्या. "लाज सोडली का व?" त्या ओरडल्या.

मग मी भिंतीकडून तोंड वळवलं. "दादा," मी म्हटलं. हे म्हणायचे तसंच. "थांबा. मी नाई बोलून राह्यली. तुमचा भाऊ बोलून राह्यला. त्याचं तोंड गेलं, म्हनून माहं तोंड घेतलं त्यानं. माह्याकडं पाहू नोका, त्याच्याकडं पाहा."

भासरे वळले. माझ्याकडे बघितलं नाही. यांच्याकडे बघितलं. किती महिन्यांनी बघत होते कोण जाणे. मांस उतरलेलं, हाडावर कातडी. त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, शब्द नव्हता तो.

हे घशातून बोलायला लागले. बोलणं कसलं, नुसतं घरघरणं. मी एकेक तुकडा ऐकायची आणि मोठ्यानं सांगायची.

"दादा. लाखोरीनं नाई झालं."

"डागदरानं जीभ पाह्यली. लाखोरी जिभेवर येत नाई म्हने."

"तुनं पोटाले दिलं. मीनं तुले दोस देल्ला."

मग उबळ आली. हसणं फुटलं. भासऱ्यांचा चेहरा आवळला. मी घाईनं म्हटलं, "हे हासनं नोहे, दादा. हे रडनंच हाय. बिमारीनं उलटं निघते. त्याच्या डोयात पाहा."

भासऱ्यांनी वाकून बघितलं. मग पडवीची पायरी चढले. तीन वर्षांनी. बाजेच्या कडेला बसले आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं यांच्या हनुवटीवरची लाळ पुसली, लेकराची पुसावी तशी. दोघं भाऊ तसेच बसून राहिले, एक हसत आणि एक रडत, आणि मी भिंतीला टेकून खाली बसले.

बऱ्याच वेळानं यांच्या घशातून पुन्हा आवाज आला. भासऱ्यांना कळलं नाही. त्यांनी यांच्याकडे बघितलं, मग मान खाली घालून, जमिनीकडे बघत, जन्मात पहिल्यांदा मला विचारलं.

"काय म्हनते तो?"

"लाखोरी पेर म्हनतात," मी म्हटलं. "बांध्या उघड्या नोको ठिवू म्हनतात."

काय म्हनते तो

त्या संध्याकाळी त्यांनी टोपली काढली.

दुखणं काही थांबलं नाही. कोणाला वाटेल, भाऊ भेटले आणि चमत्कार झाला. तसं काही होत नाही. श्वास लहान होत गेला, घंटीचा अंगठाही गेला, पेज दोन चमचे, मग एक. फक्त आता उचलायला दुसरे दोन हात होते. भासरे रोज संध्याकाळी यायचे, यांना पाठीमागून धरून बसायचे, मी भरवायची. गिरजाबाई पेज आणून उंबऱ्यात ठेवायच्या, माझ्याशी पुष्कळ दिवस बोलल्या नाहीत. भासरे धानाचं सांगायचे, बैलांचं सांगायचे. हे काही घरघरले की जमिनीकडे बघून मला विचारायचे, "काय म्हनते तो?" मी सांगायची. शेवटी शेवटी मलाही कळेनासं झालं होतं. तरी मी सांगायची.

मोहाची फुलं पडायच्या दिवसांत, सकाळी, भासऱ्यांच्या छातीला पाठ टेकून हे गेले. आम्हाला दोघांनाही लगेच कळलं नाही. भासरे कापलेल्या लाखोळीचं सांगत होते, गुरांना वैरण पुरेल म्हणून. मग थांबले आणि म्हणाले, "काय म्हनते तो?" मी बघितलं आणि मला काही सांगता आलं नाही.

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. बोलायला कारणच उरलं नव्हतं. पुन्हा खाकरून यायला लागले, मी पुन्हा आत जायला लागले. जुनी रीत जशीच्या तशी परत आली. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही.

पावसाळा गेला. धान पिवळं झालं. एका सकाळी अंगणात खाकरल्याचा आवाज आला. मी आत गेले. पण पावलं पुढे गेली नाहीत. फटीतून बघितलं, भासरे लाखोळीची टोपली खांद्यावर घेऊन आमच्या पडवीसमोर उभे होते. रिकाम्या बाजेकडे बघत.

"काय म्हनते तो?" त्यांनी विचारलं. "पेरू का?"

मी दारापर्यंत आले. पदर नीट केला.

"पेरा म्हनतात," मी म्हटलं.

ते बांधीकडे गेले.